डॉट कॉम, डॉट इन की आणखी काही? वेब पत्त्याची शेपटी आणि तिची किंमत



आजकाल शाळा असो, क्लास असो की बचत गट, प्रत्येकाला स्वतःची वेबसाइट हवी असते. वेबसाइट म्हटली की आधी नाव घ्यावं लागतं. मग प्रश्न येतो, शेवटी डॉट कॉम घ्यायचं, डॉट इन घ्यायचं, की दुकानदार स्वस्तात देतोय ते तिसरंच काहीतरी? दुसरीकडे सातवी-आठवीची मुलं मोबाइलवर व्हिडिओ बघतात, "आठशे रुपयांत नाव घ्या आणि आठ लाखांना विका." मग घरी विचारतात, "बाबा, खरंच असं होतं का हो?"

उत्तर आहे, "होतं, पण..." या 'पण'च्या पुढचं समजून घेण्यासाठी आजचा पाठ. वेब पत्त्याच्या शेवटच्या भागाला एक्स्टेंशन म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला 'शेपटी' म्हणू. पत्ता पुन्हा विकायला काढला तर ही शेपटी त्याची किंमत किती वाढवते किंवा घटवते, आणि का, हे आपण पाहणार आहोत. मुख्य मुद्दा आधीच सांगून ठेवते: शेपटीची किंमत त्या दोन-तीन अक्षरांत नसते, ती लोकांच्या सवयीत आणि विश्वासात असते. पाठाच्या शेवटी हाच मुद्दा आपल्या शाळेच्या दारापर्यंत येतो, म्हणून पूर्ण वाचा.

१) पत्ता वाचायचा कसा?

आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी व्यक्तीचं नाव, मग गल्ली, मग गाव, मग जिल्हा लिहितो. पोस्टमन मात्र तो खालून वर वाचतो. आधी जिल्हा, मग गाव, शेवटी माणूस. वेब पत्त्याचंही तसंच आहे. कॉम्प्युटर तो उजवीकडून वाचतो. 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' हा पत्ता घ्या. आधी 'इन' म्हणजे भारत, मग 'गव्ह' म्हणजे सरकारी, मग 'महाराष्ट्र'.

प्रत्येक कॉम्प्युटरला आकड्यांचा पत्ता असतो. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने नावांची व्यवस्था आखली. १९८५ च्या सुरुवातीला कॉम, ऑर्ग, नेट, एज्यु, गव्ह, मिल अशा शेपट्या आल्या. व्यापाऱ्यांसाठी कॉम, संस्थांसाठी ऑर्ग, जाळं चालवणाऱ्यांसाठी नेट, शिक्षणासाठी एज्यु, अमेरिकन सरकारसाठी गव्ह आणि सैन्यासाठी मिल. देशांना दोन-दोन अक्षरं मिळाली. भारताला १९८९ मध्ये 'इन' मिळालं.

पहिलं डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं: सिम्बॉलिक्स डॉट कॉम. सिम्बॉलिक्स ही कॉम्प्युटर बनवणारी अमेरिकन कंपनी होती. २००९ मध्ये ते नाव एका गुंतवणूकदाराने विकत घेतलं. कंपनीचे चांगले दिवस केव्हाच संपले होते, पण तिच्या नावाच्या पाटीला गिऱ्हाईक मिळालं. पुनर्विक्री म्हणतात ती हीच.

२) मालकी नाही, भाडेपट्टा

पालकहो, हे नीट लक्षात घ्या. "मी डोमेन विकत घेतलं" असं आपण म्हणतो, पण खरं तर ते भाड्याने घेतलेलं असतं. दर वर्षी नूतनीकरणाचे पैसे भरायचे. डॉट कॉमसारख्या नावांसाठी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे आगाऊ भरता येतात. पैसे थांबले की हक्क संपला. बाजार समितीच्या गाळ्यासारखं समजा. गाळा समितीचा, भाडं आपलं, पण चौकातला गाळा असेल तर दुसरा व्यापारी आपल्याला पैसे देऊन तो स्वतःकडे घ्यायला तयार होतो.

गंमत म्हणजे सुरुवातीची दहा वर्षं ही नावं फुकट मिळायची. १९९५ पासून अमेरिकेत दोन वर्षांसाठी १०० डॉलर घ्यायला सुरुवात झाली.

म्हणजे एका नावाच्या दोन किमती असतात. एक नोंदणीची, जी सगळ्यांना जवळपास सारखी. दुसरी पुनर्विक्रीची, जी घेणाऱ्याच्या गरजेवर ठरते. पहिली रद्दीच्या भावासारखी ठरलेली असते. दुसरी मात्र घासाघीस करूनच ठरते.

३) श्रुतलेखनाची कसोटी

डॉट कॉम महाग का? आपण शिक्षक आहोत, तर आपल्या पद्धतीने तपासू. श्रुतलेखन घ्या. कोणाला तरी पत्ता फक्त ऐकवा आणि लिहायला सांगा. तो न विचारता बरोबर लिहितो का? जो पत्ता या परीक्षेत पास होतो, त्याची किंमत जास्त.

"अमुक डॉट कॉम" म्हटलं की कोणी "कॉम कसं लिहायचं?" असं विचारत नाही. इतकंच काय, शेपटी सांगितलीच नाही तरी माणूस सवयीने डॉट कॉम टाकून पाहतो. आज पंधरा कोटींहून जास्त नावं डॉट कॉमची आहेत, त्यामुळे ही सवय घट्ट झाली आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाचं. 'डॉट को' ही कोलंबिया देशाची शेपटी. २०१० मध्ये ती जगभर खुली झाली. ओव्हरस्टॉकने साडेतीन लाख डॉलर देऊन 'ओ डॉट को' हे एका अक्षराचं नाव घेतलं आणि २०११ मध्ये मोठ्या जाहिराती केल्या. नाव छोटं, छान, पण श्रुतलेखनात नापास! लोकांनी जाहिरातीत 'ओ डॉट को' ऐकलं आणि कॉम्प्युटरवर 'ओ डॉट कॉम' टाइप केलं. तिथे काहीच नव्हतं, कारण एका अक्षराची डॉट कॉम नावं जवळपास सगळी राखून ठेवलेली आहेत. शेवटी त्याच वर्षी कंपनीला जुन्या नावाकडे वळावं लागलं. एक 'म' कमी पडला, तर केवढं गिऱ्हाईक गळलं बघा.

या गळतीच्या भीतीनेच कंपन्या डॉट कॉमसाठी मोठी रक्कम मोजतात. टेस्ला ही मोटार कंपनी २०१६ पर्यंत 'टेस्ला मोटर्स डॉट कॉम' वापरत होती. नुसतं 'टेस्ला डॉट कॉम' मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि १ कोटी १० लाख डॉलर लागले, असं इलॉन मस्क यांनी नंतर स्वतः सांगितलं. फेसबुकची सुरुवात 'द फेसबुक डॉट कॉम' अशी झाली. पुढचं 'द' काढून टाकायला २००५ मध्ये दोन लाख डॉलर मोजावे लागले. साध्या इंग्रजी शब्दांचेही असेच भाव आले आहेत. 'इन्शुअर डॉट कॉम' २००९ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरला गेलं, 'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलरला आणि 'चॅट डॉट कॉम' २०२३ मध्ये १ कोटी ५५ लाख डॉलरला.

ही यादी वाचून डोळे दिपतात. पण यादीतले शब्द पुन्हा वाचा. विमा, आवाज, गप्पा. प्रत्येकाच्या तोंडी असलेले, लहान, स्पेलिंगची चूक न होणारे शब्द. ते २५-३० वर्षांपूर्वीच कोणीतरी नोंदवून ठेवले आहेत. आज आठशे रुपयांत मिळणाऱ्या डॉट कॉम नावात असा शब्द शिल्लक नसतो. म्हणजे चांगली शेपटी एकटी काही करत नाही. मूळ शब्द चांगला असेल तर ती त्याची किंमत अनेक पटींनी वाढवते. शब्द वाईट असेल तर शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच.

४) देशांची दोन अक्षरं, नशिबाची लॉटरी

देशांना मिळालेल्या अक्षरांपैकी काही योगायोगाने सोन्याची निघाली. पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या चिमुकल्या देशाला 'टीव्ही' ही अक्षरं मिळाली. दूरदर्शनवाल्यांना आणखी काय हवं? साधारण २००० साली तुवालूने या शेपटीसाठी बारा वर्षांत ५ कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी हा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्या खर्चाला या पैशांची मदत झाली.

कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाला 'एआय' मिळालं. तिथली लोकसंख्या जेमतेम पंधरा-सोळा हजार. २०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांची या शेपटीवर झुंबड उडाली. २०२३ मध्ये बेटाला यातून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर मिळाले, म्हणजे सरकारच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. अक्षरं तीच होती, बेटही तेच होतं. बदललं ते लोकांच्या मनात त्या अक्षरांचं असलेलं स्थान.

पण दुसऱ्याच्या देशाची शेपटी म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातली खोली. मालकाचे नियम पाळावे लागतात. 'एलवाय' ही लिबियाची शेपटी. २०१० मध्ये लिबियाच्या नोंदणी संस्थेने 'व्हीबी डॉट एलवाय' हे एका अमेरिकन सेवेचं नाव तिथल्या कायद्याला धरून नाही म्हणून काढून घेतलं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तेव्हा ब्रिटनमधल्या हजारो लोकांची 'डॉट ईयू' नावं २०२१ मध्ये बंद झाली. देशच नकाशावरून गेला तर? युगोस्लाव्हिया गेला आणि २०१० मध्ये 'डॉट वाययू' ही शेपटीही गेली. 'डॉट आयओ' ही शेपटी हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाची आहे. २०२४ मध्ये ब्रिटनने ती चागोस बेटं मॉरिशसकडे सोपवायचं जाहीर केलं, तेव्हा ही शेपटी वापरणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांना लगेच काळजी लागली. पुनर्विक्रीची किंमत ठरवताना घेणारा हे सगळं बघतो. दहा वर्षांनी ही शेपटी असेल का? नियम कोण ठरवतं?

५) नव्या शेपट्या: पहिल्या वर्षी स्वस्त, पुढे काय?

जगभरच्या नावांची व्यवस्था 'आयकॅन' ही संस्था बघते. २०१२ मध्ये तिने नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर होती, तरी १,९३० अर्ज आले. २०१३ च्या अखेरीपासून शॉप, ऑनलाइन, क्लब, एक्सवायझेड, अकॅडमी अशा शेकडो शेपट्या बाजारात उतरल्या.

यांनाही चांगले दिवस येतात. गूगलच्या मूळ कंपनीने २०१५ मध्ये 'एबीसी डॉट एक्सवायझेड' हा पत्ता घेतला आणि ही शेपटी एका दिवसात जगभर माहीत झाली. 'व्हेकेशन डॉट रेंटल्स' हे नाव २०१८ मध्ये पाच लाख डॉलरच्या वर गेलं. तिथे शब्द आणि शेपटी मिळून एक पूर्ण अर्थ होतो, 'सुट्टीतली भाड्याची घरं'. जोडी जमली तर नव्या शेपटीलाही भाव मिळतो. पण 'व्हेकेशन'ऐवजी दुसरा कुठलाही शब्द 'रेंटल्स'ला चिकटवला तर तसं होत नाही.

इथे एक गणित मुलांना जरूर घाला. समजा नवी शेपटी पहिल्या वर्षी ९९ रुपयांत मिळते, पण दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण ३,००० रुपये. जुनी शेपटी दर वर्षी ९०० रुपये. पाच वर्षांचा खर्च किती?

नवी शेपटी: ९९ + (४ × ३,०००) = १२,०९९ रुपये.
जुनी शेपटी: ५ × ९०० = ४,५०० रुपये.

९९ रुपयांची पाटी बघून धावणाऱ्याला हे दिसत नाही. पुनर्विक्रीत हाच खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर जातो, म्हणून तो किंमत पाडून मागतो. काही नव्या शेपट्यांत तर 'प्रीमियम' नावांचं भाडं दर वर्षी वेगळं आणि जास्त असतं. नाव घेण्याआधी "पहिल्या वर्षाचे किती?" असं विचारूच नका, "दुसऱ्या वर्षाचे किती?" असं विचारा.

६) फुकट मिळालं आणि पत गेली

न्यूझीलंडच्या अखत्यारीतल्या टोकेलाऊ बेटांची शेपटी 'टीके'. ही नावं फुकट वाटली गेली. एके काळी देशांच्या शेपट्यांमध्ये सगळ्यात जास्त नावं हिचीच होती. पण फुकट म्हटल्यावर फसवणूक करणारे सगळ्यात आधी आले. आज नाव घ्यायचं, लोकांना गंडवायचं, उद्या सोडून द्यायचं. हळूहळू टीके दिसलं की लोक बिचकायला लागले. २०२३ मध्ये फेसबुकच्या मेटा कंपनीने ही नावं वाटणाऱ्या कंपनीवर खटला भरला आणि तिने नवी नोंदणी बंद केली. नावांची संख्या अफाट, पण पुनर्विक्रीत विचारतो कोण? विश्वास गेला की किंमत गेली.

७) ज्यांची किंमतच होत नाही

आता दुसरं टोक बघा. गव्ह डॉट इन फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं. एसी डॉट इन आणि एज्यु डॉट इन मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांसाठी आहेत. कागदपत्रं दाखवल्याशिवाय ही नावं मिळत नाहीत आणि मिळाली तरी बाजारात विकता येत नाहीत.

यातलं सगळ्यात ताजं उदाहरण प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. बँकांच्या नावाने होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये 'बँक डॉट इन' ही खास शेपटी आणली आणि सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिच्यावर यायला सांगितलं. ही नावं हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते आणि बँकेशिवाय कोणाला देत नाही.

इथे पहिला मुद्दा, उजवीकडून वाचण्याचा, कामाला येतो. समजा बँकेचं नाव 'माझीबँक' आहे. 'माझीबँक डॉट बँक डॉट इन' हा पत्ता खरा. पण मेसेजमध्ये 'माझीबँक डॉट बँक डॉट इन डॉट लॉगिन डॉट एक्सवायझेड' असं आलं तर? डावीकडून वाचणारा फसतो. उजवीकडून वाचलं की लगेच दिसतं, शेपटी 'एक्सवायझेड' आहे आणि खरं नाव 'लॉगिन' आहे. बँकेचा तिथे काही संबंध नाही. घरातल्या आजी-आजोबांना एवढं एक शिकवा.

म्हणजे बघा, टीके कोणालाही फुकट मिळायचं म्हणून त्याला भाव नाही. गव्ह डॉट इन कोणालाही मिळत नाही, म्हणून त्याचा बाजारच नाही. पहिल्यावर कोणाचा विश्वास नाही, दुसऱ्यावरचा विश्वास विकायला ठेवलेला नाही. बाकी सगळा व्यवहार या दोन टोकांच्या मध्ये चालतो.

८) आपलं डॉट इन आणि डॉट भारत

डॉट इनची नोंदणी २००५ पासून सगळ्यांना खुली झाली आणि 'निक्सी' ही संस्था ती सांभाळते. भारतातल्या गिऱ्हाइकासाठी डॉट इन श्रुतलेखनात पास होतं. म्हणून भारतात धंदा करणाऱ्याला ते उपयोगी, आणि चांगल्या शब्दाला भावही मिळतो. मात्र घेणारे बहुतेक भारतातलेच. डॉट कॉमला जगभरचे घेणारे असतात. गिऱ्हाईक जितकी जास्त, तितकी बोली वर, हा साधा बाजाराचा नियम.

२०१४ मध्ये देवनागरीतली 'डॉट भारत' शेपटी आली. मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांत पूर्ण पत्ता लिहिता येतो. मराठी शाळांना हे किती छान! पण पुनर्विक्रीत तिला फारसं कोणी विचारत नाही. कारण अनेक फॉर्म आणि ईमेल सेवा असा पत्ता अजून नीट स्वीकारत नाहीत, आणि मराठी टाइप करायची सवयही कमी. गंमत अशी की मराठी शब्दाला श्रुतलेखनात खरं तर देवनागरीच सोयीची. 'शाळा' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा तर 'श'नंतर एक 'ए' की दोन? 'ळ' साठी काय? चार मुलं चार प्रकारे लिहितील. देवनागरीत मात्र 'शाळा' एकच. आज डॉट भारतला भाव नाही, कारण सवय नाही. सवय कोण लावणार? आपणच, वर्गातून.

९) नाव दुसऱ्याचं असेल तर?

"मोठ्या कंपनीचं नाव आधीच नोंदवून ठेवतो, मग तिला विकतो," असं काही मुलांना सुचतं. त्यांना सांगा, हा धंदा नाही, कोर्टाची वाट आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर 'रेडिफ'ची तक्रार आली होती. कोणीतरी एक अक्षर बदलून 'रॅडिफ डॉट कॉम' घेतलं होतं. निकाल रेडिफच्या बाजूने लागला. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' नावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. अशा तक्रारींसाठी जागतिक पातळीवर १९९९ पासून आयकॅनची व्यवस्था आहे आणि डॉट इनसाठी निक्सीची. दुसऱ्याच्या नावाला कितीही भारी शेपटी लावा, त्याची पुनर्विक्रीची किंमत शून्य. वर वकिलाची फी आहेच.

१०) व्हिडिओतलं न सांगितलेलं गणित

समजा एकाने १०० नावं घेतली. प्रत्येकाचं वार्षिक भाडं ९०० रुपये. वर्षाला खर्च ९०,०००. धरून चालू, शंभरातलं एक नाव वर्षभरात ६०,००० ला विकलं गेलं. विकून देणाऱ्या बाजाराची दलाली २० टक्के धरली तर १२,००० गेले. हातात ४८,०००. वर्षाचा तोटा ४२,०००. उरलेल्या ९९ नावांचं भाडं पुढच्या वर्षी पुन्हा आहेच.

व्हिडिओत त्या एका विकलेल्या नावाची पावती दाखवतात. बाकीची ९९ दाखवत नाहीत. दहावीच्या निकालात फक्त पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो छापतात ना, तसंच!

११) शाळेच्या नावाचं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही म्हणाल, आमच्या शाळेचं नाव कोण घेणार विकत? घेणारे असतात. शाळेची वेबसाइट दहा वर्षं चाललेली असते. पंचायत समितीच्या पानावर, वर्तमानपत्राच्या बातमीत, पालकांच्या ग्रुपवर तिचा पत्ता असतो. गूगलला ती विश्वासाची वाटते. नूतनीकरण राहून गेलं की नाव सुटतं. डॉट कॉम नावाचं झालं तर मुदत संपल्यावर थोडे दिवस साध्या पैशांत परत मिळतं, त्यानंतर ३० दिवस जास्तीचा दंड भरून मिळतं, मग ५ दिवसांनी ते सगळ्यांसाठी खुलं होतं. अशी सुटलेली नावं टिपणारे लोक टपून बसलेले असतात. शाळेच्या जुन्या पत्त्यावर मग जुगाराची नाहीतर आणखी नको ती साइट उभी राहते, आणि मूल गृहपाठासाठी वहीत लिहून दिलेला पत्ता टाकतं तेव्हा तेच उघडतं. विकलं गेलेलं असतं ते नाव नव्हे, आपण दहा वर्षांत मिळवलेला विश्वास.

म्हणून मुख्याध्यापकांनी आणि व्यवस्थापन समितीने एवढं करावं:

- नाव संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदवा. वेबसाइट बनवणाऱ्याच्या किंवा बदली होऊन जाणाऱ्या शिक्षकाच्या नावावर ठेवू नका.
- पासवर्ड आणि मुदतीची तारीख कार्यालयातल्या नोंदवहीत लिहा. कार्यभार देताना ती नोंदही द्या.
- शक्य असेल तर एज्यु डॉट इन किंवा एसी डॉट इनसाठी अर्ज करा. कागदपत्रं लागतात, पण ते नाव बाजारात जात नाही.
- नाहीतर डॉट इन किंवा डॉट कॉम घ्या आणि एकदम जास्त वर्षांचे पैसे भरा.
- नाव बदलायचं झालं तरी जुनं नाव लगेच सोडू नका. काही वर्षं भरत राहा आणि तिथून नव्या पत्त्याकडे वाट काढून द्या.

१२) वर्गात करून पाहा (इयत्ता ५ वी ते ८ वी)

अ) श्रुतलेखन: दहा वेब पत्ते फक्त वाचून दाखवा. त्यात डॉट कॉम, डॉट को, डॉट इन, डॉट भारत असे मिसळा. कोणत्या पत्त्यात जास्त चुका झाल्या ते फळ्यावर मांडा. "कोणत्या नावाला जास्त किंमत येईल?" हे मुलंच सांगतील.

आ) उजवीकडून वाचा: खरे आणि बनावट वाटणारे पाच-पाच पत्ते द्या. मुलांनी शेपटीखाली लाल रेघ आणि तिच्या डावीकडच्या नावाखाली निळी रेघ ओढायची. बँक डॉट इन, गव्ह डॉट इनसारख्या जोडशेपटीत दोन्ही भागांखाली लाल रेघ येईल.

इ) हिशोब: वरची दोन्ही गणितं आकडे बदलून सोडवायला द्या. शंभरातली किती नावं विकली गेली तर तोटा होणार नाही? (वरच्या आकड्यांत एका नावाचे हातात ४८,००० येतात आणि खर्च ९०,००० आहे. म्हणजे किमान दोन.)

ई) चर्चा: अँग्विलाने काहीही न बनवता पैसे कमावले, हे बरोबर की चूक? दोन गट पाडा. मुलं फार सुंदर बोलतात, ऐका.

उ) घरचा अभ्यास: घरच्यांच्या बँकेचा पत्ता मोठ्यांसोबत बसून बघा. शेवटी काय आहे ते वहीत लिहा.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी "मी नाव विकत घेऊ का?" असं विचारेल तेव्हा रागावू नका. स्वतःच्या कामासाठी एक चांगलं नाव घ्यायला हरकत नाही. त्या नावावर त्याने मराठी गोष्टी लिहाव्यात, विज्ञानाचे प्रयोग टाकावेत. पाच वर्षं रोज थोडं काम केलं तर त्या नावाला पत येईल, शेपटी कोणतीही असो.

हा पाठ तुमच्या शाळेच्या ग्रुपवर जरूर पाठवा. आणि हो, आज घरी जायच्या आधी शाळेच्या वेबसाइटची मुदत कधी संपते ते एकदा बघून घ्या.